दोन घरचा पाहुणा आणि बावीस संगणक

पत्र थोडक्यात: पत्रलेखक एका तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवतात आणि संगणक कक्षही सांभाळतात. कक्षात २२ संगणक आहेत. सगळे दहा वर्षांच्या आसपासचे, ४ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार आणि विंडोज ११ या मशीनांवर चढणार नाही, हे कळल्यावर त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका माजी विद्यार्थ्याला हाताशी धरून सगळीकडे डेबियन १२ (लिनक्सचं एक मोफत रूप) टाकलं. तेव्हापासून पेनड्राइव्हवर मोठी फाइल टाकली की मशीन मिनिट-दोन मिनिटं गोठतं. घटक चाचणीच्या सकाळी विज्ञानाच्या बाईंनी बार पूर्ण झालेला पाहून पेनड्राइव्ह काढला, आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रश्नपत्रिका उघडेचना. सरांनी फाइल मॅनेजर बनवणाऱ्यांकडे तक्रार नोंदवली. "तुमची आवृत्ती जुनी आहे, नवीवर तपासा" अशा दोन ओळी आल्या आणि तक्रार बंद झाली. डेबियनकडे नोंदवली, तर तिथे चार महिने सामसूम. मुख्याध्यापक म्हणतात, आधीचं विंडोज कुठूनतरी आणून परत टाका. माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, डेबियन म्हणजे वस्तुसंग्रहालय आहे. आर्च टाकू, सगळं ताजं मिळेल." (आर्च हे लिनक्सचं दुसरं रूप.) सर म्हणाले, "तुझ्या ताज्यापायी पोरांचे तास बुडायचे." त्या दिवसापासून तो फिरकलेला नाही. सरांचा प्रश्न: स्थिरता धरू की चपळाई? आणि समाजासाठी काम करणारी ही माणसं इतकी तुसडी का?

सर, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात भांडण दिसलं, दुसऱ्यात पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हपासूनच सुरुवात करते. तुमच्या आणि त्या मुलाच्या वादाला तोंड फुटलं ते तिथे, आणि गंमत म्हणजे या दुखण्याचा डेबियन-आर्चशी फारसा संबंधच नाही.

गिरणीत डबा ठेवून आलो म्हणजे दळण झालं असं आपण म्हणत नाही. लिनक्स मात्र म्हणतं. तुम्ही मोठी फाइल पेनड्राइव्हवर टाकता तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती आधी रॅममध्ये ठेवून घेतं आणि बार सरसर टोकाला जातो. खरं दळण मागाहून, पेनड्राइव्हच्या वेगाने. असे किती डबे ठेवून घ्यायचे याला मर्यादा आहे. वापरण्याजोग्या मेमरीच्या १० टक्के भरले की मागच्या मागे लिहायला सुरुवात होते, २० टक्के झाले की लिहायला आलेल्याला थांबवलं जातं. तुमच्या ४ जीबीच्या मशीनवर हे २० टक्के सहाशे-सातशे एमबीपर्यंत जाऊ शकतात. स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला ५ एमबी लिहीत असेल, तर एवढं उपसायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ रांग तुंबते. ज्या ब्राउझरला पेनड्राइव्हशी काही देणंघेणं नाही, तोही आपली चिमूटभर फाइल लिहायला त्याच रांगेत येऊन उभा राहतो. हेच तुमचं गोठणं. आणि बाईंची प्रश्नपत्रिका? ती तेव्हा रॅममध्येच होती, पेनड्राइव्हमध्ये पोचलीच नव्हती.

तुम्ही यात एकटे नाही. कर्नलच्या तक्रारवहीत १२३०९ क्रमांकाची एक नोंद आहे. मोठी फाइल लिहायला घेतली की सगळं मशीन लोळतं, हीच तिचीही रड. पंधरा वर्षांहून जुनी. तिच्यावर इतक्या जणांनी इतकी वर्षं लिहिलं की तो क्रमांकच या लोकांत चेष्टेचा विषय झाला. मधल्या काळात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण हे २० आणि १० चे ठरीव आकडे आर्चच्या ताज्या कर्नलमध्येही तेच आहेत. सुट्टी घालवून २२ मशीनांवर आर्च चढवलं असतं, तरी बाईंचा पेनड्राइव्ह कोराच राहिला असता.

उपाय साधा आहे. कर्नलच्या 'डर्टी बाइट्स' (थांबवण्याची मर्यादा) आणि 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' (मागच्या मागे लिहिण्याची) या दोन सेटिंग टक्क्यांऐवजी थेट आकड्यांनी बांधून टाका. पहिलीला ४८ एमबी, म्हणजे ५०३३१६४८ बाइट्स. दुसरीला १६ एमबी, म्हणजे १६७७७२१६. सिसकटीएलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलीत दोन ओळी, बस. (फाइलीत अंक अर्थातच इंग्रजी.) रॅम भरून येणारा अडखळा वेगळा. त्यासाठी झेडरॅम (रॅममधलाच मजकूर दाबून ठेवण्याची सोय) लावा, म्हणजे मेमरी अपुरी पडली की मशीन लगेच हार्डडिस्ककडे धावणार नाही. जमेल तेव्हा एकेका मशीनला छोटी एसएसडी बसवा. दहा वर्षांच्या संगणकाला त्याहून गुणकारी औषध मला माहीत नाही.

मात्र आकडे बदलल्यावर बार हळू सरकेल. तो खरं बोलायला लागेल, म्हणून हळू. शिक्षक खोलीत कुणीतरी नक्की म्हणेल की सरांनी काहीतरी केलं आणि कॉपी मंदावली. शिवाय कक्षातल्या कक्षात हार्डडिस्कवर मोठ्या फाइली हलवताना थोडा वेग खरोखरच कमी होऊ शकतो. चपळाई फुकट मिळत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी खात्यातून वजा होते. तुमच्या खोलीतल्या मशीनवर, खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये आणि शेकडो जीबी रॅमच्या सर्व्हरवर एकाच कर्नलची रूपं चालतात. ठरीव आकडा कुणाच्या सोयीचा ठेवायचा, यावरून या मंडळींमध्ये बरीच डोकी तापली आहेत.

त्यातला एक किस्सा तुम्हाला सांगायलाच हवा. कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. प्रोग्रामिंगचं शिक्षण नाही, सी भाषा स्वतःच शिकले. दिवसा माणसांना भूल द्यायची आणि रात्री संगणकाची गुंगी उतरवायची, असा त्यांचा उद्योग अनेक वर्षं चालला. गाणं अडकू नये, माऊस तुटक हलू नये, यासाठी ते कर्नलचे पॅच, म्हणजे छोटे बदल, लिहीत. मार्च २००७ मध्ये त्यांनी नवा शेड्युलर मांडला. प्रोसेसर कुणाला, कधी, किती वेळ द्यायचा हे ठरवणारा भाग म्हणजे शेड्युलर. घरगुती वापरणाऱ्यांना तो आवडला. पुढच्याच महिन्यात इंगो मोल्नार या जुन्याजाणत्या कर्नल-लेखकाने सीएफएस नावाचा आपला शेड्युलर आणला. न्याय्य वाटप जमू शकतं हे दाखवल्याचं श्रेय त्यांनी कोलिवास यांना दिलं, पण कर्नलमध्ये गेला तो मोल्नार यांचा. जुलैत कोलिवास काम सोडून निघून गेले. ऑक्टोबरात २.६.२३ या कर्नलबरोबर सीएफएस सगळीकडे पोचला.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या वेळी दिलेलं कारण मला तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं वाटतं. त्यांचा रोख कोडपेक्षा माणसावर होता. "तुमच्या पॅचमुळे माझं बिघडलं" असं कुणी सांगत आलं की कोलिवास त्याच्याशी वाद घालत, आणि मोल्नार दुरुस्त करत, असं त्यांचं म्हणणं. ज्याचं कोड घ्यायचं तो उद्या तक्रारदाराला उत्तर देईल का, हे त्यांनी आधी पाहिलं. म्हणजे भांडण मशीनच्या प्रतिसादाचं होतं आणि निकाल लागला माणसाच्या प्रतिसादावर.

मला विचाराल तर टॉरवाल्ड्स यांचं तत्त्व बरोबर होतं, वागणूक नव्हती. कोलिवास यांचं गाऱ्हाणंही खोटं नव्हतं. सर्व्हरचा वेग आकड्यात दाखवता येतो. माऊस अडकल्यावर होणारी चिडचिड कुठल्या आलेखात भरायची? जे मोजता येत नाही ते मोठ्यांच्या बैठकीत मागे पडतं. दोन वर्षांनी ते नवा शेड्युलर घेऊन परतले (त्याचं पूर्ण नाव इथे छापण्यासारखं नाही) आणि तो त्यांनी मुख्य कर्नलमध्ये नेण्याचा हट्टच धरला नाही. सीएफएसची जागा ऑक्टोबर २०२३ मध्ये, ६.६ कर्नलपासून, दुसऱ्या शेड्युलरने घेतली. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ मध्ये तर ज्याला हवा त्याने आपला शेड्युलर बाहेरून जोडावा अशी सोय आली. भूलतज्ज्ञ निघून गेले त्याला तोवर सतरा वर्षं झाली होती.

आता 'स्थिर' या शब्दाकडे येऊ. तुम्ही तो "न कोसळणारं" या अर्थाने वापरता. डेबियनच्या 'स्टेबल'चा मूळ अर्थ "न बदलणारं" असा आहे. आवृत्ती एकदा बाहेर पडली की तिच्यातले प्रोग्राम गोठवले जातात. पुढे येतात त्या सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या. नवी सोय, नवं रूप साधारण दोन वर्षांनी, पुढच्या आवृत्तीत. दोन्ही अर्थ बहुतेक वेळा हातात हात घालून चालतात, नेहमी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ ऐन वेळी रोखावी लागली, कारण तिच्याबरोबर निघालेल्या कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइलप्रणालीतला डेटा खराब करू शकणारा दोष निघाला. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त १२.४ आली. दोष शिरला होता तो दुरुस्ती म्हणून आणलेल्या बदलातून.

न बदलण्याची किंमतही डेबियनने मोजलेली आहे. जुलै २००२ नंतरची आवृत्ती थेट जून २००५ मध्ये आली. जवळपास तीन वर्षं! तेवढ्यात ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू जन्माला आलं, डेबियनच्याच पायावर, दर सहा महिन्यांनी नवं देण्याचा वायदा करत. तुमचा विद्यार्थी जे वस्तुसंग्रहालय म्हणतो ते त्याच्या पदरचं नाही. वीस वर्षांपूर्वी डेबियनमधलीच माणसं तसं कुरकुरत होती.

आर्चची बाजूही ऐका. तिथे आवृत्ती नावाची गोष्टच नाही, ओढा अखंड वाहतो. ज्याचं एकच मशीन आहे, जो अपडेट करण्याआधी सूचना वाचतो आणि बिघडलं तर रात्री बसून दुरुस्त करतो, त्याला आर्च खरोखर लाभतं. अडचण येते ती ऑगस्ट २०२२ सारख्या दिवशी. ग्रब या मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या एका अपडेटनंतर आर्च आणि आर्चवर बेतलेल्या वितरणांतली (लिनक्सच्या रूपांतली) काही मशीनं सुरूच होईनात. घरी हा एका संध्याकाळचा खेळ. तुमच्याकडे आठवी ब चा तास.

म्हणून तुमच्या दोघांपैकी कोण बरोबर, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. तो एका मशीनच्या मालकासारखा बोलत होता आणि तुम्ही बावीस मशीनांच्या राखणदारासारखे. तुमच्या खोलीसाठी डेबियनच राहू द्या. मुख्याध्यापकांच्या सूचनेवर मात्र मी दोनच वाक्यं खर्च करीन. कुठूनतरी आणलेलं विंडोज म्हणजे बिनपरवान्याचं, आणि आता दुरुस्त्या न मिळणारं. विद्यार्थ्यांची नावं आणि गुण ज्या मशीनवर आहेत, तिथे तर ते बिलकूल नको.

तुसडेपणाबद्दल लिहिताना माझाही एक पाय त्या बाजूला आहे हे आधी कबूल करते. मी एका छोट्या मराठी कीबोर्ड-मांडणीची देखभाल करते, फावल्या वेळात. एका वर्षी घरी महालक्ष्म्या बसायच्या दिवशी, पुरणाला हात लागलेला असताना, फोनवर संदेश आला: "ॲ उमटत नाही. हे कधी नीट करणार?" कुठली आवृत्ती, कुठला प्रोग्राम, कुठला फॉन्ट, काही नाही. मी तीन शब्दांचं उत्तर पाठवलं. आज ते वाचलं की लाज वाटते. त्या माणसाने माझ्याबद्दल तेच लिहिलं असणार जे तुम्ही मला लिहिलंत.

तुमच्या बाबतीत "दोन घरचा पाहुणा उपाशी" असं झालं. फाइल मॅनेजर लिहिणारे म्हणाले जुनं आहे, डेबियनवाल्यांचा तर दंडकच की नवं आणायचं नाही. पण दोन्ही घरांचं आपापल्या जागी खरं आहे. २०१६ मध्ये एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकाचा डेबियनशी याच मुद्द्यावर जाहीर खटका उडाला होता. आपण कधीच दुरुस्त केलेल्या दोषांच्या तक्रारी जुनी प्रत वापरणारे लोक आपल्याकडेच घेऊन येतात, ही त्यांची तक्रार. त्यांनी प्रोग्राममध्येच "ही आवृत्ती फार जुनी आहे" असा इशारा घालून ठेवला होता आणि डेबियनला सांगितलं की नवं तरी द्या, नाहीतर काढून तरी टाका. तुम्हाला आलेल्या दोन ओळींमागे असला थकवा असू शकतो.

आणि उत्तरासाठी फार रेटलं तर काय होतं याचं उदाहरण ताजंच आहे. एक्सझेड हा फाइली दाबून लहान करणारा प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो. तो एकटे लासे कॉलिन सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणं लावलं: पॅच पडून आहेत, नवा मेंटेनर (देखभाल करणारा) नेमा. हा बिनपगारी छंद आहे, तब्येतही साथ देत नाही, असं त्यांनी सांगून पाहिलं. शेवटी मदतीला धावून आलेल्या एका तत्पर माणसाच्या हाती हळूहळू चाव्या गेल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याच नावाने प्रोग्राममध्ये चोरदरवाजा बसवला गेला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर शाखेवर एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये शिरण्याच्या सोयीने) आत शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्ध्या सेकंदामागे तो लागला म्हणून मार्च २०२४ मध्ये जग वाचलं. डेबियनच्या स्टेबलमध्ये ते बिघडलेलं एक्सझेड पोचलंच नव्हतं. या एका गोष्टीत तुमचाही मुद्दा आहे आणि तुमच्या विद्यार्थ्याचाही. दोघांनी मिळून वाचा.

याचा अर्थ तक्रार करू नका असा नाही. ती नाकारता येणार नाही अशी करा, आणि तुमच्यासारख्या अडचणीत असलेल्या इतरांनाही मी हेच सांगते. "तुमची आवृत्ती जुनी" या उत्तराला सगळ्यात चांगलं प्रत्युत्तर म्हणजे नवीवर तपासून पाहणं, आणि त्यासाठी काहीही बसवावं लागत नाही. एखाद्या ताज्या वितरणाची लाइव्ह प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मशीन तिच्यावरून सुरू करा, तीच फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाका आणि घड्याळ लावा. मग लिहा: रॅम इतकी, कर्नल अमुक, फाइल ७०० एमबीची, बार आठ सेकंदांत भरला, खिडकी इतके सेकंद हलली नाही, नव्या आवृत्तीतही तसंच. गणिताच्या शिक्षकाला निरीक्षणं कशी मांडायची हे मी सांगायला नको. डेबियनच्या बंद दारावरही तेच आकडे जोडून पुन्हा टकटक करा. "अजून कुणी बघितलं नाही का?" एवढंच लिहिलेल्या टकटकीला उत्तर येत नाही, हे मी दाराच्या आतल्या बाजूने सांगते आहे.

ताजेपणाची हौस डेबियनमध्ये राहूनही थोडीफार भागते. बॅकपोर्ट्स नावाच्या विभागात पुढच्या आवृत्तीतली निवडक पॅकेजं (प्रोग्राम) आधीच्या आवृत्तीसाठी बांधून ठेवलेली असतात. डेबियन १२ चं मूळ कर्नल ६.१ आहे, तिथून ६.१२ घेता येतं, आणि जुनं पुसलं जात नाही. सुरू होताना येणाऱ्या यादीतून कुठलं हवं ते निवडायचं. एका मशीनवर दोन्ही ठेवा आणि एकाच फाइलने, एकाच पेनड्राइव्हने तुलना करा.

ते मशीन कुठलं, हे मात्र त्या मुलाला ठरवू द्या. तुमच्या पत्रात तो चार-पाच वाक्यांत येतो, पण त्याने पुण्याची नोकरी सांभाळून आपली सुट्टी तुमच्या २२ मशीनांवर घालवली, हे तुम्हीच लिहिलंय. त्याला फोन करा. डेबियन आणि आर्च हे दोन्ही शब्द काढू नका. एक मशीन तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय, त्यावर काय वाटेल ते टाक, फक्त टाकण्याआधी आणि टाकल्यावर पेनड्राइव्हचे सेकंद मोजून दे, एवढं म्हणा. शनिवारी शाळा सकाळचीच असते, दुपारी कक्ष मोकळा असेल. आणि विज्ञानाच्या बाईंना सांगा, 'आता काढायला हरकत नाही' असं मशीनने म्हटल्याशिवाय पेनड्राइव्हला हात लावू नका.